पाहुणा चित्रपट आणि यजमान उद्यान

जुन्या वाड्याला नवी खोली जोडावयाची असली म्हणजे घरातील जाणती माणसे गवंड्याला बोलावण्यापूर्वी वाड्याकडे एकवार नीट पाहून घेतात. भिंती कशाच्या आहेत, पाण्याचा उतार कोणत्या बाजूला आहे, अंगणातला उजेड अडणार तर नाही ना, हे सारे ती पाहतात. नवी खोली कितीही देखणी झाली, पण तिच्यामुळे माजघर अंधारात गेले, तर ती त्या घराची झाली असे कोणी म्हणत नाही. घराला जो न्याय, तोच सार्वजनिक करमणुकीच्या जागांनाही लावावयास हरकत नाही. जगभर मोठमोठ्या उद्यानांना आज नवनवे विभाग जोडले जात आहेत, आणि त्यांतील पुष्कळसे एखाद्या लोकप्रिय चित्रपट-मालिकेच्या नावाने उभे राहत आहेत. चित्रपट लाखो लोकांच्या आवडीचा आहे, तेव्हा तो उद्यानातही शोभेलच, असे गृहीत धरले जाते. हे गृहीत कितपत खरे आहे, याचा विचार ह्या वेळच्या सदरात करावयाचा आहे.

विषय वरवर पाहता दूरदेशीचा आहे. तरी आपल्या घरांशी त्याचा संबंध नाही असे नाही. मराठी कुटुंबांतील कित्येक मुले आज अमेरिकेत स्थायिक झाली आहेत, आणि त्यांच्याकडे राहावयास गेलेल्या आई-वडिलांना फ्लोरिडातील किंवा कॅलिफोर्नियातील उद्याने दाखविण्याचा परिपाठच पडून गेला आहे. अशा सहलीला पैसा थोडाथोडका लागत नाही. शिवाय लहान मुलांच्या मनावर एका दिवसात जे ठसते, ते शाळेच्या वर्षभराच्या पाठांनी ठसेलच असे सांगता येत नाही. म्हणून तेथे काय उभे राहते आणि ते कोणत्या विचाराने, हे पाहणे वायफळ ठरू नये.

सूत्र म्हणजे काय?

'थीम पार्क' ह्या शब्दाला मराठीत सर्वमान्य प्रतिशब्द अजून रुळलेला नाही. भाषांतर करणाराला अशा शब्दापाशी क्षणभर थांबावे लागते. पण त्या थांबण्याने कधी कधी अर्थच उलगडतो. 'थीम' म्हणजे विषय हे खरे. परंतु येथे 'सूत्र' हा शब्द अधिक जवळचा वाटतो. आपल्या जत्रेत आकाशपाळणा असतो, जादूगाराचा तंबू असतो, रेवड्या-बत्ताशांची दुकाने असतात. ही सारी शेजारी शेजारी नांदतात. त्यांना एकत्र ओवणारा धागा नसतो आणि जत्रेला तो नसल्याचे दुःखही नसते. सूत्रोद्यानाचे तसे नाही. तेथील इमारती, झाडे, संगीत, खाद्यपदार्थ, एवढेच काय पण सेवकांचे पोशाखदेखील एकाच विषयाला धरून असावेत, अशी त्याची प्रतिज्ञा असते.

चित्रपट आणि उद्यान यांचे नाते काही काल-परवाचे नाही. वॉल्ट डिस्ने यांनी १७ जुलै १९५५ रोजी कॅलिफोर्नियातील अ‍ॅनाहाइम येथे डिस्नेलँड उघडले, तेव्हा त्याच्या मध्यभागी 'स्लीपिंग ब्यूटी' ह्या राजकन्येचा किल्ला उभा होता. गंमत अशी की, त्या राजकन्येचा चित्रपट पडद्यावर येण्यास १९५९ साल उजाडले. म्हणजे किल्ला आधी आणि कथा मागाहून! उलट, १९६७ साली त्याच उद्यानात कॅरिबियन समुद्रातील चाच्यांची जी जलसफर सुरू झाली, ती कोणत्याही चित्रपटावरून घेतलेली नव्हती. तिच्यावरून चित्रपट निघाला तो २००३ मध्ये. तेव्हा चित्रपट उद्यानात यावा की येऊ नये, हा वाद येथे नाही. तो यावयाचाच. प्रश्न आहे तो कोणत्या उद्यानात कोणता चित्रपट यावा, आणि आल्यावर त्याने तेथे कसे वागावे, हा.

ह्या प्रश्नाची परीक्षा पाहण्यास एक उत्तम उदाहरण उपलब्ध आहे. ते म्हणजे फ्लोरिडातील 'अ‍ॅनिमल किंगडम' हे उद्यान आणि त्यात वसविलेली 'अवतार' चित्रपटाची सृष्टी.

प्राण्यांचे राज्य

डिस्नेलँडच्या पहिल्या वर्षापासून तेथे 'जंगल क्रूझ' नावाची नौकासफर आहे. तीत खरे प्राणी ठेवावेत असे आरंभी वॉल्ट डिस्ने यांच्या मनात होते. परंतु खरे प्राणी दिवसाच्या उन्हात झोपा काढतील, झाडीत दडून बसतील, आणि प्रेक्षकांना काहीच दिसणार नाही, अशी अडचण जाणकारांनी दाखवून दिली. म्हणून तेथे यंत्राचे हत्ती आणि यंत्राचे पाणघोडे आले. ते दर नावेसमोर ठरल्या क्षणी डोके वर काढतात.

ही उणीव भरून काढावयास पुढे चार दशकांहून अधिक काळ लागला. २२ एप्रिल १९९८ रोजी, म्हणजे वसुंधरा दिनी, फ्लोरिडातील ऑर्लँडो शहराजवळच्या डिस्नेच्या विस्तीर्ण आवारात 'अ‍ॅनिमल किंगडम' उघडले. तेथे आफ्रिकेचा भास व्हावा असे सुमारे ११० एकरांचे माळरान तयार केले आहे. त्यातून उघड्या गाडीने जाताना जिराफ, हत्ती, गेंडे, सिंह दिसतात. कधी सिंह दिसतो, कधी तो खडकाआड निजलेला असतो. तो दिसेलच अशी हमी नसते, आणि तो खरा असल्याची खूणही तीच. उद्यानाच्या मध्यभागी १४५ फूट उंचीचा 'जीवनवृक्ष' आहे. तो झाड नव्हे, समुद्रातील तेलविहिरींवर उभारतात तशा पोलादी सांगाड्यावर रचलेले शिल्प आहे. त्याच्या खोडावर तीनशेहून अधिक प्राणी कोरले आहेत. मुंगीपासून हत्तीपर्यंत साऱ्यांचा जीव एकमेकांत गुंतलेला आहे, हे सांगण्यासाठी ते झाड.

भारतीय वाचकांना आणखी एक गोष्ट ऐकून कौतुक वाटेल. १९९९ मध्ये तेथे आशिया खंडाचा विभाग सुरू झाला. त्यातील काल्पनिक राज्याचे नाव आहे 'आनंदपूर'. ह्या उद्यानाचे प्रमुख रचनाकार जो रोडी व त्यांचे सहकारी यांनी आशियात हिंडून, जुन्या भिंतींचे पोपडे, विजेच्या तारांची गुंतागुंत, हाताने रंगविलेल्या पाट्या पाहून ते राज्य उभे केले. एका महाराजाच्या पडक्या शिकारवाड्यात तेथे खरे वाघ राहतात. पूर्वी जेथे वाघांची शिकार होई, तेथेच आज वाघ निर्धास्त फिरत आहेत, असा त्या रचनेचा अर्थ आहे. कोणतेही चित्रपटातील पात्र तेथे नाही, तरीही ती कथा पाहणाराला समजते.

ह्या उद्यानाने आरंभी तीन प्रकारच्या प्राण्यांचे वचन दिले होते: आज जिवंत असलेले, पृथ्वीवरून नाहीसे झालेले, आणि माणसाच्या कल्पनेत जन्मलेले. पहिल्यासाठी आफ्रिका व आशिया होते, दुसऱ्यासाठी डायनोसॉरांचा विभाग होता. तिसऱ्यासाठी, म्हणजे पंखांचे अजगर आणि एकशिंगी घोडे यांच्यासाठी, एक विभाग योजला होता. उद्यानाच्या मूळ बोधचिन्हात अशा अजगराची आकृतीही होती. तो विभाग कधी बांधलाच गेला नाही. त्याच्या जागी मिकी उंदराच्या उन्हाळी शिबिराचा एक तात्पुरता विभाग उभा राहिला आणि तो सोळा-एक वर्षे तसाच चालला. वाड्यात एक खोली अपुरी होती, ती ही.

शंका आणि उत्तर

डिसेंबर २००९ मध्ये जेम्स कॅमेरॉन यांचा 'अवतार' चित्रपट प्रदर्शित झाला आणि जगातील सर्वाधिक उत्पन्नाचा चित्रपट ठरला. (२०१९ मध्ये तो मान दुसऱ्या चित्रपटाकडे गेला, आणि २०२१ मध्ये पुन्हा 'अवतार'कडे परत आला.) सप्टेंबर २०११ मध्ये डिस्ने संस्थेने जाहीर केले की, अ‍ॅनिमल किंगडममध्ये ह्या चित्रपटाची सृष्टी साकार होणार. उद्यानाचे चाहते चकित झाले आणि पुष्कळसे नाराजही झाले.

त्यांच्या शंका निराधार नव्हत्या. पहिली शंका अशी की, खऱ्या प्राण्यांच्या उद्यानात परग्रहावरील निळ्या माणसांचे काय काम? दुसरी, हा चित्रपट युद्धाचा. एक खाण-कंपनी पँडोरा नावाच्या दूरच्या उपग्रहावर खनिजासाठी जाते, तेथील नावी लोकांच्या मुळावर उठते, आणि शेवटी तोफा-विमानांची झुंज होते. अशी दृश्ये हरणांच्या शेजारी कशी शोभावीत? तिसरी, तेव्हा मालिका अशी काही नव्हतीच. एकच चित्रपट होता, तोही दुसऱ्या कंपनीचा. ती कंपनी डिस्नेच्या ताब्यात आली ती पुढे २०१९ मध्ये. दुसरा चित्रपट येण्यास डिसेंबर २०२२ उजाडले आणि तिसरा डिसेंबर २०२५ मध्ये आला. लोकप्रियतेची लाट ओसरली तर हा विभाग ओकाबोका पडणार नाही काय?

जानेवारी २०१४ मध्ये उन्हाळी शिबिराचा विभाग बंद झाला. २७ मे २०१७ रोजी सुमारे १२ एकरांची पँडोरा सृष्टी उघडली. रचनाकारांनी वरील शंकांना शब्दांनी उत्तर दिले नाही. त्यांनी चित्रपटाचीच निवड-पाखड केली. तिची रीत समजून घेण्याजोगी आहे.

त्यांनी ही सृष्टी चित्रपटातील घटनांनंतर एका पिढीने घडते असे कल्पिले. युद्ध संपले आहे. खाण-कंपनी निघून गेली आहे. तिच्या तळाचे अवशेष गंजून पडले आहेत आणि त्यांना वेलींनी विळखा घातला आहे. आता पृथ्वीवरची माणसे येथे येतात ती पाहण्यासाठी, शिकण्यासाठी आणि बिघडलेले पूर्ववत करण्यास हातभार लावण्यासाठी. चित्रपटाचा नायक तेथे भेटत नाही, नायिका भेटत नाही, खलनायकही भेटत नाही. ज्याने चित्रपट पाहिलेला नाही अशा आजीबाईंनाही तेथे काही चुकल्यासारखे वाटू नये, अशी ती योजना आहे. समोर दिसतात ते अधांतरी लोंबकळणारे प्रचंड कडे. त्यांना आधार देणारे पोलाद जाड वेली-मुळ्यांच्या रूपात लपविलेले आहे. कड्यांवरून पाणी कोसळत असते, आणि पायथ्याशी खरी झाडे व कृत्रिम वनस्पती अशा बेमालूम लावल्या आहेत की, कोणती कोणती हे हात लावून पाहावे. अंधार पडला की झाडे आणि पायवाटा मंद प्रकाशाने उजळतात. एका संथ नदीतून नाव जाते आणि अखेरीस एक नावी स्त्री निसर्गाला उद्देशून गाताना दिसते. दुसऱ्या सफरीत माणूस एका उडत्या श्वापदाच्या पाठीवर बसल्यासारखा बसतो. मांड्यांखाली त्या जनावराचा श्वासोच्छ्वास जाणवतो, आणि समोरच्या भव्य पडद्यावर दऱ्या-समुद्र धावू लागतात.

म्हणजे उद्यानाने चित्रपटातील भांडण वगळले आणि त्याची भूमी घेतली. त्या भूमीतून एकच गोष्ट वाजते: माणसाने ओरबाडलेली सृष्टी माणसाने थोडा धीर धरला तर सावरू शकते. जीवनवृक्ष जे सांगतो, वाघांचा पडका वाडा जे सांगतो, तेच पँडोराही सांगते. कल्पनेतल्या प्राण्यांची रिकामी राहिलेली खोलीही तिने भरली. म्हणून हा पाहुणा ह्या घराला शोभला, असे आम्हांस म्हणावेसे वाटते. तो फार लोकप्रिय आहे एवढ्यावरून हे म्हणत नाही. यजमानाची बोली शिकून तो आला, म्हणून म्हणतो.

'अवतार' हा शब्द आपला. त्याचा मूळ अर्थ खाली उतरणे. सृष्टीचा तोल बिघडला म्हणजे परमेश्वर दुसरा देह धारण करून खाली उतरतो, ही आपली समजूत. आणि आपल्या दशावतारांतील पहिले तीन देह मत्स्य, कूर्म, वराह हे प्राण्यांचेच आहेत. चित्रपटात उतरणारा देव नसून माणूस आहे. तो परक्या जमातीचा देह घेतो आणि तिचे दुःख त्याला आपले वाटू लागते. नावाचा अर्थ असा बदललेला असला तरी प्राण्यांच्या राज्यात हा शब्द अगदीच परका नाही, हे मराठी वाचकांच्या सहज ध्यानात येईल.

एकाच दिवशी दोन पाहुणे

आता ह्याच नाण्याची दुसरी बाजू पाहू. २७ मे २०१७ ह्याच दिवशी, देशाच्या दुसऱ्या टोकाला, कॅलिफोर्नियात, डिस्नेच्याच दुसऱ्या उद्यानात आणखी एक चित्रपट पाहुणा म्हणून दाखल झाला. ते उद्यान म्हणजे डिस्नेलँडच्या शेजारी ८ फेब्रुवारी २००१ रोजी सुरू झालेले 'कॅलिफोर्निया अ‍ॅडव्हेंचर'. त्याचे सूत्र नावातच आहे: कॅलिफोर्निया राज्याचे समुद्रकिनारे, डोंगर, शेते आणि चित्रनगरी. तेथे २००४ पासून हॉलिवुडमधील एका जुन्या, झपाटलेल्या हॉटेलाचा मनोरा होता. उद्वाहन एकदम खाली कोसळते, ही त्यातील गंमत. हॉटेल काल्पनिक असले तरी हॉलिवुड कॅलिफोर्नियातच आहे, त्यामुळे धागा तुटत नव्हता. २०१७ मध्ये त्याच मनोऱ्यावर नळ्या-पत्रे चढवून त्याला 'गार्डियन्स ऑफ द गॅलक्सी' ह्या चित्रपटातील अंतराळी संग्राहकाचा किल्ला बनविण्यात आले. सफर मजेची आहे, संगीत ठेकेदार आहे, मुले खूष होऊन बाहेर पडतात. पण त्या किल्ल्याचा कॅलिफोर्नियाशी काय संबंध, असे विचारले तर उत्तर सापडणे कठीण. चित्रपट वाईट नव्हता, यंत्र तेच होते, गर्दीही कमी नव्हती. तरी तेथे एक धागा तुटला.

असे धागे एकेक करून तुटू लागले म्हणजे काय होते, तेही ह्याच उद्यानात दिसते. आरंभी तेथे कॅलिफोर्नियाच्या दऱ्या, संत्र्यांच्या बागा व समुद्र यांवरून विहरण्याची एक सुंदर सफर होती. २०१६ मध्ये तिच्या जागी जगभरच्या स्थळांची सफर आली. पुढे धक्क्याचा विभाग एका चित्रपट-संस्थेच्या नावाचा झाला, आणि २०२१ मध्ये अतिमानवी वीरांचा विभाग उघडला. ऑगस्ट २०२४ मध्ये असे जाहीर झाले की, 'अवतार'चीही एक सृष्टी आता ह्याच उद्यानात येणार. तिला आधार नंतरच्या चित्रपटांचा, विशेषतः पाण्यातील जगाचा, असणार. फ्लोरिडात शोभलेला पाहुणा येथेही शोभेल काय?

आमचे उत्तर असे की, आपोआप शोभणार नाही. फ्लोरिडात त्याच्या शेजारी खरा वाघ आहे, म्हणून त्याच्या काल्पनिक श्वापदाला अर्थ आला. कॅलिफोर्नियात त्याच्या शेजारी वाघ नाही. तेथे पॅसिफिक महासागराचा लांबलचक किनारा त्या राज्याला लाभला आहे. समुद्र आणि समुद्रावर जगणारी माणसे यांचे नाते दाखविण्याकडे नवी सृष्टी वळली, तर जुन्या सूत्राचे एक टोक पुन्हा हाती येण्यासारखे आहे. तसे न होता केवळ एक गाजलेले नाव आणून बसविले, तर उद्यानाचे नाव पाटीवर राहील आणि आत निरनिराळ्या चित्रपटांची जत्रा भरेल. जत्रा वाईट असते असे नाही. पण मग तिला जत्राच म्हणावे.

वरवरचे साम्य

येथे एका सापळ्याची सूचना देणे अवश्य आहे. प्राण्यांच्या उद्यानात प्राण्यांचा चित्रपट आणला की काम झाले, असे कोणास वाटेल. अ‍ॅनिमल किंगडममधील जीवनवृक्षाच्या पोटात एक नाट्यगृह आहे. तेथे उद्यान उघडल्यापासून कीटकांवरचा एक विनोदी बोलपट दाखवीत. तोही एका चित्रपटातील पात्रांचा होता. पण कीटकांवाचून पृथ्वीचे चालणार नाही, हे तो हसत हसत सांगे. २०२५ मध्ये तो बंद झाला आणि त्याच्या जागी 'झूटोपिया' ह्या २०१६ च्या चित्रपटावरचा खेळ आला. 'झूटोपिया'त जिकडेतिकडे प्राणीच आहेत. परंतु ते कपडे घालतात, मोटारी हाकतात, कचेरीत जातात. ससा आणि कोल्हा यांच्या रूपाने त्या चित्रपटाने माणसामाणसांतील पूर्वग्रहांची गोष्ट सांगितली, आणि फार चांगली सांगितली. मात्र ती प्राण्यांविषयीची गोष्ट नव्हे. खऱ्या सशाविषयी तीतून काही कळत नाही. म्हणजे ज्यात पृथ्वीवरचा एकही वन्य प्राणी नाही तो 'अवतार' आतून उद्यानाच्या जवळचा, आणि ज्यात प्राण्यांचीच वस्ती आहे तो 'झूटोपिया' आतून दूरचा, असा हा उलटा हिशेब आहे.

याच उद्यानात सध्या आणखी एक बदल चालू आहे. डायनोसॉरांचा विभाग २०२५ पासून टप्प्याटप्प्याने बंद करून त्या जागी अमेरिका खंडातील उष्ण प्रदेशाचा विभाग उभारला जात आहे. तो २०२७ मध्ये उघडावयाचा आहे. त्यात 'एन्कांतो' हा कोलंबियातील एका कुटुंबाचा २०२१ चा चित्रपट येत आहे. त्या कुटुंबात बहुतेकांना काही ना काही अद्भुत देणगी आहे. रचनाकारांनी त्यांतून प्राण्यांशी बोलणारा लहानगा आंतोनियो आणि त्याची अरण्यात उघडणारी खोली निवडली आहे. निवड सयुक्तिक दिसते. परंतु नाहीशा झालेल्या प्राण्यांना ह्या राज्यात आता स्वतंत्र घर उरत नाही, हे दुसरे वचन मागे पडले, याचीही नोंद केली पाहिजे. एकदा होऊन गेलेला प्राणी पुन्हा होत नाही, ही गोष्ट मुलांना सांगावयास डायनोसॉरासारखा शिक्षक नव्हता.

नातवाचा प्रश्न

पँडोरा त्या घराला शोभली असे वर म्हटले. तरी तिच्यामुळे एक चिंता उद्भवते, ती झाकून ठेवणे बरे नव्हे. उडत्या श्वापदाच्या सफरीसाठी गर्दीच्या दिवसांत लोक तास-दोन तास, कधी त्याहूनही अधिक वेळ रांगेत उभे राहतात. तेवढ्या वेळात वाघांच्या वाटेवरून दोनदा फेरी होते. यंत्राचे श्वापद दर वेळी उडते. वाघ मात्र आपल्या लहरीने दर्शन देतो. मुलाच्या मनात ह्या दोघांची तुलना झाली तर वाघ हरण्याचा संभव असतो. वॉल्ट डिस्ने यांच्यापुढे १९५५ मध्ये जी अडचण होती, तीच आज पुन्हा उभी आहे.

एखादा नातू कुंपणापाशी थबकून विचारतो, "आजोबा, हा वाघ खराच आहे का?" यंत्रांच्या आणि पडद्यांच्या ह्या काळात हा प्रश्न साधा राहिलेला नाही. आजोबांना तेथे "हो रे बाळा, अगदी खरा" असे म्हणता येते, हे त्या उद्यानाचे खरे वैभव होय. पुष्कळशा उद्यानांना हे उत्तर देता येत नाही. कल्पनेतील श्वापदावर बसून आलेला मुलगा जर वाघाकडे अधिक कुतूहलाने पाहू लागला, तर पाहुण्याने घराची सेवा केली. तो जर वाघाकडे पाठ फिरवून पुन्हा रांगेत उभा राहिला, तर रचनाकारांची सारी कुशलता असूनही काही तरी हरवले. हा निकाल उद्यानात लागत नाही. तो पुष्कळ अंशी मुलाचा हात धरणाऱ्या वडीलधाऱ्यांच्या हाती असतो. सकाळच्या थंड वेळी प्राणी जागे असतात, तेव्हा आधी त्यांच्याकडे जावे. पँडोरा संध्याकाळनंतरच अधिक खुलते. एवढा क्रम पाळला तरी दोघांनाही न्याय मिळतो.

आपल्या देशातही आता अशी उद्याने होत आहेत. मुंबई-पुणे मार्गावर खोपोलीजवळ २०१३ मध्ये सुरू झालेल्या इमॅजिका उद्यानात 'मिस्टर इंडिया' ह्या १९८७ च्या चित्रपटावर एक सफर आहे. त्या उद्यानाने निव्वळ कल्पनारंजनाचेच वचन दिले असल्यामुळे अदृश्य होणारा नायक तेथे कोणाला खटकत नाही. परंतु उद्या कोणी आपल्या सह्याद्रीच्या झाडीचे, एखाद्या किल्ल्याचे किंवा कोकणच्या समुद्राचे सूत्र घेऊन उद्यान उभारले, आणि काही वर्षांनी गर्दी वाढावी म्हणून एखादी गाजलेली चित्रपट-मालिका तेथे आणण्याचे ठरविले, तर तीन प्रश्न अवश्य विचारावेत. ह्या जागेने लोकांना मूळ कोणते वचन दिले आहे? चित्रपटातील कोणता भाग त्या वचनाला धरून आहे, आणि उरलेला भाग वगळण्याची तयारी आहे काय? आणि ज्याने तो चित्रपट पाहिलेला नाही, त्यालाही येथे काही मिळेल काय?

ह्या तीन प्रश्नांची सरळ उत्तरे मिळाली तर चित्रपट कोणताही असो, त्याला खुशाल जागा द्यावी. उत्तरे मिळाली नाहीत तर तिकिटांची विक्री पाहून हुरळून जाऊ नये. चित्रपटांची चलती दहा-पाच वर्षांत बदलते. उद्यान मात्र दोन-तीन पिढ्या उभे राहते, आणि आज बापाच्या खांद्यावर बसून आलेले मूल उद्या आपल्या मुलाला खांद्यावर घेऊन तेथे येते. त्या वेळी त्याला दाखवावयास काय उरलेले असेल, याचा विचार आजच व्हावयास हवा.